ल्युकेमिया पॉझिटिव्ह पिल्लाला घर मिळतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्याच्या मासळी बाजाराजवळ साधारण साडेतीन महिन्यांचं मांजराचं पिल्लू सापडलं. मादी, वजन 1 किलो 100 ग्रॅम, नाक वाहतंय, अंगावर पिसवा. दवाखान्यात रॅपिड किटवर रक्त तपासलं तर फेलाइन ल्युकेमिया, म्हणजे मांजरांमध्ये पसरणारा एफईएलव्ही हा विषाणू, पॉझिटिव्ह आलं. "फार जगणार नाही," असं डॉक्टरांनी सांगितलं. पिल्लू सध्या बाथरूममध्ये आहे, घर भाड्याचं, आणि घरात आधीची दोन मोठी मांजरं. विचारणाऱ्या ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: असं पिल्लू कुणी घेईल का, आजाराचं आधीच सांगावं का, आणि नाहीच कुणी मिळालं तर एखाद्या संस्थेत नेऊन द्यावं का.

ताई, घर मिळू शकतं. आजाराचं पहिल्याच ओळीत सांगायचं. संस्थेचा विचार सर्वांत शेवटी करायचा, आणि तोही चौकशी करून. पण यातलं काहीही करण्याआधी एक पायरी राहिली आहे. तुमच्या हातात एकाच चाचणीचा कागद आहे आणि त्यावर सगळे निर्णय घ्यायची घाई होते आहे. "आजारी पिल्लू आहे, कुणीतरी घ्या," या हाकेला कुणी ओ देत नाही, कारण नेमकं काय घ्यायचं हेच समोरच्याला कळत नाही. नेमका आजार, सध्याची तब्येत, खर्च आणि लागणारी काळजी या चार गोष्टी कागदावर आल्या की शोध पुष्कळ सोपा होतो. म्हणून सुरुवात चाचणीपासून करू.

रॅपिड किट रक्तातलं पी-27 नावाचं विषाणूचं प्रथिन शोधतं. ते थेट विषाणूचंच प्रथिन असल्यामुळे आईकडून आलेल्या प्रतिपिंडांनी (अँटीबॉडींनी) निकाल बिघडत नाही. तरीही एकदा पॉझिटिव्ह आलं म्हणजे कायमचं पॉझिटिव्ह असं नाही. एक तर किट क्वचित चुकतं. दुसरं, काही मांजरांचं शरीर विषाणूला दाबून टाकतं आणि काही आठवड्यांनी रक्तातलं ते प्रथिन दिसेनासं होतं. उरलेल्यांत विषाणू अस्थिमज्जेत ठाण मांडतो. "फार जगणार नाही" हे या शेवटच्या गटाबद्दल खरं आहे. त्यातली बहुतेक मांजरं निदानानंतर साधारण तीन वर्षांच्या आत जातात आणि लहान पिल्लं त्याहूनही लवकर. तुमचं पिल्लू कुठल्या गटात आहे हे आज तुमचे डॉक्टर सांगू शकत नाहीत, मीही नाही. म्हणून शक्य असेल तर दुसऱ्या कंपनीच्या किटवर लगेच एकदा आणि चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा तपासून घ्या. त्या दुसऱ्या वेळी रक्त पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीसाठी, लॅबलाही पाठवायला सांगा. तोवर पिल्लू पॉझिटिव्हच आहे असं धरून चालायचं.

किट जोडीने एफआयव्हीचंही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या दुसऱ्या विषाणूचं) असेल तर त्या रेषेकडे नीट बघा. एफआयव्हीची चाचणी प्रतिपिंडं शोधते, आणि सहा महिन्यांखालच्या पिल्लात ती आईची असू शकतात. तिथे पॉझिटिव्ह आलं तर सहा महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासल्याशिवाय निकाल धरू नका. पोट फुगून त्यात पिवळसर पाणी भरलं असेल तर विषय एफआयपीचा, म्हणजे मांजरांच्या कोरोना विषाणूतून होणाऱ्या वेगळ्या आजाराचा, असू शकतो आणि हिशेब पार बदलतो. तो आजार पूर्वी जवळजवळ हमखास जीव घ्यायचा, आज जीएस-441524 या औषधाने बहुतेक मांजरं वाचतात. रूढ उपचार 84 दिवसांचा असतो. अशा वेळी घर शोधण्याआधी उपचार पुरा करायचा.

आता पिल्लाच्या तब्येतीकडे. वाढीचा ढोबळ हिशेब महिन्याला साडेचारशे ग्रॅम. त्या मानाने साडेतीन महिन्यांचं पिल्लू दीड किलोच्या आसपास असायला हवं, तुमचं चारशे ग्रॅमने कमी आहे. याचं खापर लगेच ल्युकेमियावर फोडू नका. बाजारातल्या पिल्लांत पिसवा आणि जंत एवढं रक्त पितात की त्यानेच हिरड्या पांढऱ्या पडतात आणि वजन अडतं. वरचा ओठ उचलून हिरडी बघा: गुलाबी हवी. फिकी किंवा पांढरी असेल तर त्याच दिवशी दवाखाना. जंताचं आणि पिसवांचं औषध वजन करून डॉक्टरांकडूनच घ्या. कुत्र्यासाठी आणलेलं गोचिडीचं औषध घरात पडलंय म्हणून त्यातले चार थेंब लावणं हा जीवघेणा प्रकार आहे. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात आणि ते मरतं. पॅरासिटामॉलचंही तसंच, मांजराला अर्धी गोळीसुद्धा विष आहे.

रोज सकाळी खाण्याआधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढ म्हणजे उत्तम. दोन दिवस वजन खाली गेलं तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. ही वही पुढे नवीन घराला द्यायची आहे. नुसत्या रिपोर्टपेक्षा वजनाच्या चढत्या आकड्यांनी माणसाला जास्त धीर येतो, हे मी पुन्हा पुन्हा बघते.

खाण्याचं दोन शब्दांत. आपल्याकडे मांजर म्हटलं की बांगड्याचं डोकं आणि तारल्याचे तुकडे. ल्युकेमियाच्या पिल्लाची प्रतिकारशक्ती कमी असते, त्यामुळे कच्ची मासळी किंवा कच्चं चिकन अजिबात नको. शिजवलेले तारले-बांगडेच रोज दिले तरी शरीरातलं ई जीवनसत्त्व घटून चरबीला दुखरी सूज येते. मुख्य जेवण पिल्लांसाठीचं तयार खाद्य, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. मासा द्यायचाच तर उकडलेला, काटे काढलेला, मिठाशिवाय, आणि आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच. नाक चोंदलेलं असेल तर वास येत नाही म्हणून पिल्लू खात नाही. ओलं खाद्य कोमट करून द्या.

बाथरूमची व्यवस्था चांगली आहे, ती तशीच ठेवा. एफईएलव्ही मुख्यतः लाळेतून पसरतो: एकमेकांना चाटणं, एका वाटीत खाणं, चावणं. शरीराबाहेर तो काही तासांत मरतो आणि साध्या साबणानेही जातो. म्हणून वाट्या, लिटर ट्रे (शी-शूचा ट्रे) आणि टॉवेल वेगळे, पिल्लाला हाताळल्यावर साबणाने हात धुणं, आणि दार बंद, एवढं कसोशीने पाळलं तर एकाच घरात दोन्ही बाजू सुरक्षित राहतात. माणसाला किंवा कुत्र्याला हा विषाणू लागत नाही. घरात लहान मुलं असली तरी त्या कारणाने घाबरायला नको. अंगावर गोल चट्टे आणि केस गेलेले दिसले तर मात्र तो नायटा असू शकतो, आणि तो माणसाला होतो. पावसाळ्यातल्या ओलीत तो जास्त दिसतो.

फरशीला फिनाईल लावत असाल तर पिल्लाच्या खोलीत आजपासून बंद. फिनाईल आणि डेटॉलसारखी जंतुनाशकं पायाला लागतात, मांजर पाय चाटतं, आणि मांजराचं यकृत ही रसायनं पचवू शकत नाही. साबणपाणी पुरे. अपवाद एकच. उलट्या, पातळ शी आणि अचानक मलूल होणं दिसलं तर पॅनल्युकोपेनियाचा संशय घ्यायचा. हा विषाणू फरशीवर, कपड्यांवर वर्षभर टिकतो आणि त्याला साबण पुरत नाही. तिथे आधी घाण साबणाने काढून, पाण्याने धुऊन, मग एक लिटर पाण्यात 30 मिली घरगुती ब्लीच घालून दहा मिनिटं ओलं ठेवायचं आणि स्वच्छ धुवायचं. मिश्रण रोज ताजं करा आणि दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका.

तुमच्या दोन्ही मोठ्या मांजरांची चाचणी करून घ्या. पिल्लाशी संपर्क झाला असेल तर सहा आठवड्यांनी पुन्हा. धडधाकट मोठ्या मांजरांना हा आजार पिल्लांइतका सहज लागत नाही, पण लागतो. इथे एक गैरसमज नेहमी भेटतो: "आमच्या मांजरांची लस झालीय." आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ट्रायकॅट पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या तीन विषाणूंवर आहे. ल्युकेमियावर ती काम करत नाही. नव्या घरातल्या लोकांनीही हेच उत्तर दिलं तर तिथे थांबून समजावून सांगा.

आता घर. ल्युकेमिया पॉझिटिव्ह पिल्लाला दोनच प्रकारची घरं चालतात. एक, जिथे दुसरं मांजरच नाही. दोन, जिथली सगळी मांजरं ल्युकेमिया पॉझिटिव्हच आहेत. दोन्हींत अट एकच, पिल्लू घराबाहेर जाणार नाही. बाहेर गेलं तर ते वाड्यावरच्या इतर मांजरांना आजार देतं आणि त्यांच्याकडून सर्दी, जखमा, जंत घेऊन येतं, आणि त्यातूनच त्याचा शेवट ओढवतो. म्हणून कौलारू जुनं घर, मागे परसू, दिवसभर उघडी दारं असं वातावरण कितीही मायेचं असलं तरी या पिल्लासाठी नाही, जोवर एखादी खोली किंवा जाळी लावलेली पडवी तिच्यासाठी बंद करता येत नाही तोवर. पणजी-पर्वरीकडचा, मडगावचा किंवा फोंड्यातलाच दोन खोल्यांचा फ्लॅट, खिडक्यांना जाळी, गॅलरीला नेट, हे चित्र जास्त जमतं. जाळीचं भोक एक इंचाच्या वर नको, आणि प्लास्टिकची मच्छरदाणीची जाळी चालत नाही, नखाने फाटते.

असं घर कुठे सापडतं? माझ्या अनुभवात सर्वांत चांगला धागा दवाखान्यांतून मिळतो. ज्यांचं एखादं मांजर याच आजाराने गेलं, त्यांना औषधं, रक्ततपासण्या, हिरड्या बघणं हे सगळं ठाऊक असतं, घरही रिकामं असतं, आणि "हे झेपेल" हे त्यांनी अनुभवलेलं असतं. तुमच्या भागातल्या चार-पाच खाजगी दवाखान्यांत आणि पणजीजवळ टोंक किंवा मडगावजवळ सोनसोडो इथल्या सरकारी पशुवैद्यकीय इस्पितळांत एक पानी माहिती देऊन या. मालकांचे नंबर मागू नका, तुमचा नंबर पुढे द्यायची विनंती करा. सोसायटीचे आणि गावाचे व्हॉट्सॲप ग्रुप त्यानंतर.

माहितीचं पान कोरडं वाटलं तरी चालेल. फोटो दिवसाउजेडी, खिडकीशी, डोळे स्वच्छ पुसून. पिंजऱ्यातला, सलाइन लावलेला फोटो दया मिळवतो, घर मिळवत नाही. मजकूर साधारण असा:

"टिकली, मादी, साडेतीन महिने, वजन 1.1 किलो आणि वाढतंय. फेलाइन ल्युकेमिया पॉझिटिव्ह, पहिली चाचणी अमुक तारखेला, दुसरी अमुक आठवड्यात. माणसांना, कुत्र्यांना लागत नाही, मांजरांना लागतो. आयुष्य कमी असू शकतं. आज खाते, खेळते, लिटर वापरते. दुसरं मांजर नसलेलं, दारं-खिडक्या बंद ठेवता येणारं घर हवं. दुसऱ्या चाचणीचा आणि नसबंदीचा खर्च आम्ही करू."

शेवटचं वाक्य जमत असेल तर जरूर घाला. लोक आजाराइतकेच अनिश्चित खर्चाला घाबरतात. दवाखान्यात विचारून वर्षाचा अंदाज काढा: सहा-सहा महिन्यांनी तपासणी आणि रक्ताची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लसी, खाद्य, लिटर, आणि अचानक आजारपणासाठी बाजूला काढलेली रक्कम. तो आकडा समोरच्याला तोंडी न सांगता लिहून द्या. आकडा बघून जे मागे हटतात ते पिल्लू घेतल्यावर दोन महिन्यांनी हटले असते.

आता माणसं पारखण्याबद्दल. "तुम्हाला मांजरं आवडतात का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, फोन करणाऱ्या प्रत्येकाला ती आवडतातच. मी विचारते, "चतुर्थीला कुठे असता?" गोव्यात या एका प्रश्नात सगळं येतं. बहुतेक घरं दीड, पाच, सात दिवस मूळ गावच्या घरी जातात. फ्लॅट बंद. पिल्लू बरोबर नेलं तर तिथे माणसांची वर्दळ, दार दिवसभर उघडं, फटाके, आणि वाड्यावरची मांजरं. मागे ठेवलं तर कोण येणार, रोज येणार का, औषध देता येतं का? ज्यांच्याकडे याचं ठोस उत्तर असतं, म्हणजे एखादी राहून जाणारी बहीण, किल्ली असलेली शेजारीण, त्यांच्याकडे बाकीच्या अडचणींचीही उत्तरं असतात. "बघू काहीतरी" म्हणणाऱ्यांना थोडं थांबवा, ते वाईट माणूस असतात म्हणून नाही, त्यांनी अजून विचार केलेला नसतो म्हणून.

दुसरा प्रश्न वास्तव्याचा. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे, बाहेरून कामाला आलेले, हंगामापुरते हॉटेलात किंवा शॅकवर असणारे यांच्यातही फार जीव लावणारी माणसं असतात. पण गोवा सोडावा लागला तर पिल्लू बरोबर जाणार की नाही हे आधी ठरलं पाहिजे. भाडेकरू असतील तर घरमालकाची लेखी संमती मागा, निदान मेसेज तरी. तुम्ही स्वतः भाड्याने राहता, तेव्हा हा मुद्दा वेगळा सांगायला नको.

घर एकदा प्रत्यक्ष बघून या. त्या दिवशी पिल्लू बरोबर नेऊ नका, नाहीतर ठेवून यायचा मोह होतो. साध्या कागदावर दोघांच्या सह्या: आजाराची पूर्ण माहिती मिळाली, पिल्लू घरातच राहील, नसबंदी होईल, आणि ठेवणं जमलं नाही तर दुसऱ्याला न देता तुमच्याकडेच परत येईल. हे शेवटचं कलम सर्वांत महत्त्वाचं, आणि ते लिहिताना आपणही परत घ्यायला तयार आहोत ना, हे स्वतःला विचारा. पहिले पंधरा दिवस अजमावून बघण्याचे समजा.

रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर देता येते, पिल्लाला ताप नसेल आणि डॉक्टर हो म्हणाले की द्या. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, तरी ही लस टाळायची नसते. पिल्लाने कुणाला चावलं किंवा ओरबाडलं असेल तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटं धुऊन आरोग्य केंद्रात जा. नसबंदी पिल्लू सशक्त झाल्यावर आणि सीबीसी बघून. ल्युकेमिया आहे म्हणून ती टाळू नये.

संस्थांबद्दल. कुडचडे इथल्या गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्टसारख्या संस्था इथे वर्षानुवर्षं काम करताहेत, आणि नसबंदीसाठी, सल्ल्यासाठी अशा ठिकाणी जरूर फोन करा. पण कुठल्याही निवाऱ्यात पुष्कळ मांजरं एकत्र असतात. ल्युकेमियाचं पिल्लू तिथे एकतर इतरांना धोका, नाहीतर एकटं पिंजऱ्यात. शिवाय गर्दीत सर्दी आणि पॅनल्युकोपेनियाची भीती असते, आणि या पिल्लाला तेच झेपणार नाही. नेण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: ल्युकेमिया पॉझिटिव्ह मांजरांसाठी वेगळी खोली आहे का, आज तिथे जागा आहे का, आणि दुसऱ्या चाचणीतही पॉझिटिव्ह आलं तर तुम्ही काय करता. उत्तर जे येईल ते ऐकून घ्या, त्यांच्यावरचा भारही मोठा असतो. न विचारता गेटपाशी खोका ठेवून येणं, किंवा पिल्लू पुन्हा बाजारात सोडणं, हे दोन्ही नको. उपासमारीने हाल होतील अशा अवस्थेत प्राण्याला टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, आणि मासळी बाजारात एका वाटीवर दहा मांजरं जमतात तिथे हा विषाणू पसरवण्यासारखं दुसरं काही नाही.

दयामरणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण डॉक्टरांच्या त्या वाक्यानंतर ते मनात आलं असणार. पॉझिटिव्ह चाचणी हे एकटं कारण त्यासाठी पुरेसं नाही. खाणं पूर्ण थांबलंय, हिरड्या पांढऱ्या पडून श्वास लागतोय, उपचाराने दोन-चार दिवसांत फरक नाही, अशी अवस्था आली तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. विषाणूला शरीरातून घालवणारं औषध आज नाही. प्रतिकारशक्तीच्या सिरपवर आशा आणि पैसे लावण्यापेक्षा त्या पैशात सीबीसी होते.

घर ठरलं की पिल्लू संध्याकाळी, शांत वेळी द्या. बरोबर तिचं अंथरूण न धुता, चालू असलेलंच लिटर, दहा दिवस पुरेल एवढं तेच खाद्य, रिपोर्टांची फाइल आणि वजनाची वही. पहिले चार-पाच दिवस तिला एकाच खोलीत ठेवायला सांगा. तिसऱ्या दिवशी, पंधराव्या दिवशी आणि महिन्याने फोन करा आणि दर वेळी तेच विचारा: काल किती खाल्लं, वजन किती, हिरड्यांचा रंग कसा. चोवीस तास न खाणं किंवा तोंड उघडून श्वास घेणं यात थांबायचं नसतं, हे त्यांच्या फ्रिजवर लिहून लावा.

आणि दुसऱ्या वेळी किट निगेटिव्ह आलं तर? पीसीआरचा निकाल येईपर्यंत जाहिरात बदलू नका. पीसीआर पॉझिटिव्ह असेल तर विषाणू दबलेला आहे, गेलेला नाही. पुढे कधी डोकं वर काढू शकतो, म्हणून एकट्या मांजराचं घर हीच अट कायम राहते, मात्र आयुष्याची आशा पुष्कळ वाढते. दोन्ही निगेटिव्ह आले तर एकदा तुमच्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्या, आणि मग दुसरी मांजरं असलेली घरंही यादीत घेता येतील. दोन्ही वेळचे रिपोर्ट तरीही नव्या घराच्या फाइलमध्ये लावा.